ज्यू कला शिकायची, शिकवायची तर सुरुवात कोकणातून करा

1874 साली पुण्यात छापलेल्या एका हग्गादात काही बायका भाकरी करताना दिसतात. अंगावर साडी, मागे केसांचा अंबाडा, जमिनीवर मांडलेलं काम. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री, जेवणाच्या वेळी घरात वाचायचं पुस्तक. त्या बायका करत आहेत ती बेखमीर भाकर, म्हणजे मात्झा. मजकूर हिब्रूत आहे आणि सोबत त्याचं मराठी. पुस्तक काढणारे तळकर घराण्यातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, गृहस्थ आणि छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा.

ज्यू कला म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या एका चित्रात पुरता उभा राहतो. विधी ज्यू आहे. पेहराव आणि बसायची पद्धत इथली आहे. छापखान्यावरचं नाव अग्निहोत्री. मग ही कला कोणाची? माझं उत्तर मी पुढे देईन, पण वर्गात ते आधी सांगू नका. मुलांना या चित्रासमोर निदान वीस मिनिटं बसू द्या.

हा लेख कला महाविद्यालयातल्या आणि इतिहासाच्या शिक्षकांसाठी आहे, तसाच स्वतःहून या विषयात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही. जगभरच्या ज्यू कलेचा अभ्यासक्रम बहुधा युरोपातून सुरू होतो: मध्ययुगीन जर्मनी, स्पेन, मग पोलंडमधली लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनालयं. ते सगळं शिकायचंच आहे. पण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पुणे आणि भायखळा इतकं जवळ असताना फक्त पडद्यावरची चित्रं दाखवून हा विषय संपवणं मला पटत नाही. वस्तू जिथे वापरात आहे तिथे तिला पाहता येणं, हे या विषयात सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

आधी शब्द गोळा करा

कॅमेरा उचलण्याआधी वही घ्या. बेने इस्राएल समाजाकडे त्यांच्या वस्तूंसाठी आणि सणांसाठी स्वतःचे शब्द आहेत, आणि ते पुस्तकी हिब्रूपेक्षा वेगळं काही सांगतात. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण घाण्यावर तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी ही त्यांची मूळकथा. आडनावं गावांवरून आलेली: केहिमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, नवगावकर.

सणांची जुनी नावं ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा रोजा. यातल्या 'अनशी ढाकण्याच्या' सणाला मराठी बायबल वल्हांडण म्हणतं आणि हिब्रूत तो पेसाख. एकाच सणाची ही तीन नावं तीन वेगवेगळ्या काळांतून आली आहेत. जुन्या बेने इस्राएल बाईच्या तोंडून कुठलं नाव आलं हे जसंच्या तसं लिहून ठेवा, सुधारू नका. 'रोजा', 'उरूस', 'काजी' असे शब्द आले की दचकू नका. शेजाऱ्यांची भाषा आपल्या विधीला लावणं ही त्यांची जुनी रीत आहे. मुंबईत तर प्रार्थनालयालाही 'मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली बांधलेल्या 'शाअर हारहमीम' या सिनेगॉगवरून आलं असं सांगतात.

प्रार्थनालयात लागणारे शब्द थोडे आहेत, पण ते पाठ हवेत. तोरा, म्हणजे ज्यूंचा मुख्य धर्मग्रंथ, ठेवायचं कपाट म्हणजे हेखाल. वाचणारा उभा राहतो तो चौथरा म्हणजे तेबा. तोराची हस्तलिखित गुंडाळी म्हणजे सेफेर तोरा, तिची लाकडी किंवा चांदीची पेटी म्हणजे तिक आणि वरची डाळिंबाच्या आकाराची टोकं म्हणजे रिम्मोनिम. हेखालासमोर कायम तेवणारा दिवा म्हणजे नेर तामिद. प्रार्थना चालवणारा तो हझान, देखभाल करणारा शमाश, समाजाचा प्रमुख मुकादम.

मूर्तीचा प्रश्न लवकर सोडवा

पहिल्याच तासाला कोणीतरी विचारतं की ज्यू धर्मात चित्रं चालतात का? 'कोरीव मूर्ती करू नकोस' ही आज्ञा सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ज्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ती आज्ञा आहे, त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव स्वतः बसालेल नावाच्या कारागिराला सोनं, चांदी, पितळ, लाकूड आणि रत्नं यांच्या कामासाठी निवडतो. हे दोन्ही उतारे मराठी बायबलमधून वर्गात मोठ्याने वाचून घ्या.

त्यानंतर तीन उदाहरणं पुरेशी आहेत. सीरियातल्या दुरा युरोपस इथल्या सिनेगॉगच्या भिंती तिसऱ्या शतकाच्या मध्याला बायबलमधल्या प्रसंगांनी भरून गेल्या होत्या. त्या 1932 साली उत्खननात सापडल्या आणि आता दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इस्राएलमधल्या बेत आल्फा इथल्या सहाव्या शतकातल्या सिनेगॉगच्या जमिनीवर राशिचक्र आहे, आणि मधोमध रथात बसलेला सूर्य. तिसरं उदाहरण सुमारे 1300 सालच्या दक्षिण जर्मनीतल्या एका हग्गादाचं. त्यात माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी आहेत. तीच आज्ञा, आणि तिच्याशी वागायच्या तीन तऱ्हा. पूजेसाठीची मूर्ती आणि गोष्ट सांगणारं चित्र यांत फरक करणारे लोक प्रत्येक काळात होते, आणि तो फरक कुठे करायचा यावर वाद घालणारेही.

आता कोकणात परत या. अनेक बेने इस्राएल घरांत भिंतीवर एक छापील चित्र असतं: अग्निरथातून स्वर्गाकडे जाणारा संदेष्टा एलियाहू. त्याला ते एलियाहू हन्नाबी म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे इथे खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा मानल्या जातात. त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात आणि लोक तिथे नवस फेडायला जातात. घरातलं चित्र आणि रानातला खडक हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवून शिकवा. ते चित्र पूजेचं आहे की आठवणीचं? हे आपण परस्पर ठरवू नये. घरातल्या माणसाला 'हे चित्र इथे का लावलंय?' असं साधं विचारावं आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावं.

प्रार्थनालयात जाताना

शनिवारी आणि सणाच्या दिवशी जाऊ नका. गेलात तर प्रार्थनेसाठी जा, कॅमेऱ्याविना. 2008 सालच्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ज्यू स्थळांवर सुरक्षेची काळजी वाढली आहे, तेव्हा संस्थेचं पत्र, ओळखपत्र आणि येणाऱ्यांची यादी आधी पाठवा. दारात उभं राहून विनवणी केलीत तर शमाशाला अवघड होतं. पुरुषांनी डोकं झाकायचं. सेफेर तोराला हात लावायचा नाही. वाचणारासुद्धा हाताच्या आकाराच्या दर्शिकेने ओळ दाखवतो. जीर्ण झालेली हिब्रू पानं कोपऱ्यात गठ्ठ्यात दिसली तर ती रद्दी समजू नका. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकत नाहीत, तो पुरतात.

आत गेल्यावर पाच मिनिटं काहीच टिपू नका. मग होकायंत्र काढा. प्रार्थना येरुशलेमकडे तोंड करून होते, म्हणून आपल्याकडे हेखाल सहसा पश्चिमेच्या भिंतीला असतो. मुलांना आधी नकाशावर अलिबागपासून येरुशलेमपर्यंत रेघ काढायला लावली असेल तर प्रत्यक्ष जागेवर त्यांचे डोळे चमकतात, कारण इमारतीची मांडणी त्यांना स्वतःच्या हाताने उलगडलेली असते.

पाहण्याचा क्रम असा ठेवा: दाराच्या चौकटीवरची मेझुझा (धर्मवचनांचा कागद ठेवलेली छोटी डबी), हेखाल, तेबा, या दोहोंमधलं अंतर, बायकांची बसायची जागा, दिवे, एलियाहूची खुर्ची (बाळाच्या सुंतेच्या विधीत ही खुर्ची लागते), आणि सगळ्यात शेवटी भिंतींवरच्या दगडी पाट्या. पाट्या शेवटी अशासाठी की त्या आधी वाचल्या तर डोळे माहिती शोधू लागतात आणि जागा पाहायची राहते. पण पाट्या वाचल्याशिवाय निघू नका. कोणी दान दिलं, कोणाच्या आठवणीसाठी दिलं, बाईचं नाव स्वतंत्र आहे की नवऱ्याच्या नावामागे, मजकूर कुठल्या लिपीत आहे, हे सगळं समाजाचा इतिहास लिहायला लागतं.

तुलनेसाठी दोन इमारती एकाच आठवड्यात पाहा. अलिबागच्या इस्राएल आळीतलं 'मागेन आबोथ' हे 1848 सालचं, 1910 साली पुन्हा बांधलेलं. वस्तीतलं, माणसाच्या मापाचं. पुण्याचं 'ओहेल डेव्हिड' हे बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी उभारलेलं, 1867 साली पूर्ण झालेलं. लाल विटांचं, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचं. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात, आणि ससून यांची कबर तिथेच आवारात आहे. पहिली इमारत कोकणात शतकानुशतकं मुरलेल्या लोकांची. दुसरी एकोणिसाव्या शतकात इराकहून आलेल्या, इंग्रजी राज्यात मोठ्या झालेल्या कुटुंबाची. दोन्ही ज्यू आणि दोन्ही महाराष्ट्रातल्या. 'भारतीय ज्यू वास्तुकला' असा एकच डबा करणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन फोटो शेजारी ठेवून परत विचार करायला लावा.

मुंबईत वेळ थोडा असेल तर काळा घोड्याला जा. 1884 सालचं 'केनेसेथ एलियाहू' सिनेगॉग पाहा आणि चालत डेव्हिड ससून ग्रंथालयात या. तिथे ससून यांचा संगमरवरी पुतळा आहे, थॉमस वूल्नर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. मूर्तीच्या आज्ञेवरची चर्चा या पुतळ्यासमोर उभं राहून पुन्हा सुरू करा.

कब्रस्तान: सगळ्यात सावकाश करायचं काम

मला या विषयात सर्वांत जास्त शिकवलं ते थडग्यांच्या दगडांनी. एका दगडावर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा, दोन किंवा तीन कालगणना, कोरणाऱ्याचा हात आणि घरच्यांचं प्रेम एकत्र असतं. इथे घाई केलीत तर चुकीची तारीख कायमची नोंदली जाईल.

दगड स्वच्छ करायला फक्त मऊ ब्रश आणि साधं पाणी. खडू, पीठ, फेस, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही नको. खडूने अक्षर उठून दिसतं खरं, पण तो दगडाच्या भोकांत बसतो. अक्षरं पुसट असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा. ऊन समोरून येत असेल तर एकाने साधा आरसा धरून उजेड बाजूने टाकावा. प्रत्येक दगडाचे तीन फोटो: पूर्ण दगड, नुसता लेख, आणि आजूबाजूच्या दगडांसह त्याची जागा.

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिल्या ओळीत बहुधा पे आणि नून ही दोन अक्षरं असतात, अर्थ 'इथे विसावला'. शेवटी ताव, नून, त्सादी, बेत, हे अशी पाच अक्षरं दिसतील. 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या वाक्याची ती आद्याक्षरं. हे दोन संक्षेप ओळखता आले की मधलं नाव आणि तारीख शोधणं सोपं जातं.

हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. आलेफ ते तेत म्हणजे 1 ते 9. योद 10, काफ 20, लामेद 30, मेम 40, नून 50, सामेख 60, आयिन 70, पे 80, त्सादी 90. पुढे कोफ 100, रेश 200, शीन 300, ताव 400. पंधरा आणि सोळा मात्र योदने लिहीत नाहीत, कारण त्यातून देवाच्या नावाची अक्षरं होतात. त्याऐवजी 9 आणि 6, 9 आणि 7 अशी जोडी येते.

समजा वर्ष आहे ताव, रेश, नून. 400, 200 आणि 50 मिळून 650. हजाराचा आकडा सहसा गाळलेला असतो, म्हणजे हे 5650. हजार गाळून उरलेल्या आकड्यात, म्हणजे 650 मध्ये, 1240 मिळवा: 1890. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर एक वजा करून 1889 धरायचं. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो, तिथे पूर्ण तारीख तक्त्यात पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका. शेवात आणि त्यापुढे 1890.

आता त्याच दगडावर मराठीत 'शके 1811' लिहिलं असेल तर पडताळा करा. शकात चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत 79 मिळवायचे. किस्लेव असेल तर 1889, शेवात असेल तर 1890. दोन्ही गणना जुळल्या तर वाचन बरोबर. जुळल्या नाहीत तर दगडाला दोष देण्याआधी आपलं अक्षर तपासा. दालेत आणि रेश, हे आणि खेत एकमेकांसारखी दिसतात. पाथरवट हिब्रू जाणत असेलच असं नाही, त्याने कागदावरची आकृती बघून कोरलेली असू शकते. आणखी एक बारकावा: ज्यू दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून रात्रीच्या मृत्यूची इंग्रजी तारीख एक दिवस मागे असू शकते.

चिन्हांबाबत सावध राहा. युरोपातल्या कब्रस्तानांवरच्या पुस्तकांत आशीर्वादाच्या मुद्रेतले दोन हात कोहेन म्हणजे याजक घराण्याचं चिन्ह म्हणून दिलेले असतात. बेने इस्राएलमध्ये परंपरेने कोहेन घराणी नव्हती. म्हणून त्या पुस्तकातला अर्थ जसाच्या तसा इथे लावता येत नाही. निघताना हात धुवा. ती तिथली रीत आहे.

घरात

घरातलं काम सगळ्यात नाजूक आहे आणि त्याची पद्धत लिहून देता येईल असं मला वाटत नाही. तरी थोडं सांगतो. वस्तू मागू नका, गोष्ट मागा. 'तुमच्याकडे जुना लग्नकरार आहे का?' असं विचारलंत तर 'नाही' ऐकू येईल. 'तुमच्या आईचं लग्न कुठे झालं?' असं विचारलंत तर थोड्या वेळाने कोणीतरी उठून कपाट उघडेल. लग्नकराराला केतुबा म्हणतात. त्याच्या कडेची वेलबुट्टी, फुलं आणि पक्षी पाहताना त्या काळातल्या छापील पत्रिका आणि साडीचे काठही शेजारी ठेवून पाहा. लग्नाच्या फोटोंत नवरीची पांढरी साडी, मेंदी आणि मंगळसूत्र दिसेल. यातलं काय कधीपासून, हे आजीला विचारा.

मलिदा, म्हणजे विधीसाठी रचायचं ताट, हीसुद्धा दृश्यकला आहे. पोहे, खोबरं, साखर किंवा गूळ, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. ताट कसं रचलं जातं, आधी काय, मधोमध काय, कोण रचतं, याचं रेखाचित्र काढा. फोटोपेक्षा रेखाचित्र बरं, कारण काढताना क्रम विचारावा लागतो. ताट रचणारी बाई या विषयातली जाणकार आहे. वहीत तिचा उल्लेख तसा करा, आणि नाव छापायचं की नाही हे तिला विचारा.

विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात सुमारे 20 हजार बेने इस्राएल होते. आता बहुतेक कुटुंबं इस्राएलमध्ये आहेत, अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेवा अशा शहरांत. वस्तूही त्यांच्याबरोबर गेल्या. म्हणून आपल्या वहीतली अर्धी पानं इथल्या घरांत आणि अर्धी तिथल्या नातेवाइकांशी बोलून भरतील. तिथे मराठी बोलणारी माणसं अजून आहेत. संवाद मराठीत करा, इंग्रजीत लगेच जाऊ नका.

संग्रह

येरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातलं ज्यू कला केंद्र 1979 साली बेझालेल नार्किस यांनी सुरू केलं. त्याची सूची इंटरनेटवर खुली आहे आणि तीत भारतातली सिनेगॉगही नोंदलेली आहेत. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा केतुबांचा डिजिटल संग्रह तुलनेसाठी उत्तम. मराठी वाचता येणाऱ्याला इथे मोठी संधी आहे. वस्तूवरचा मराठी मजकूर वाचून, तारीख पडताळून, नेमका शब्द सुचवणारं पत्र तुम्ही संग्रहाला पाठवू शकता. शोध घेताना एकाच नावाची अनेक रोमन रूपं तपासा. दिवेकर, एलियाहू, अलिबाग ही नावं वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळी लिहिलेली असतात.

वर्गात चार तास

चार तासांचा आराखडा मी असा ठेवतो. पहिला तास फक्त 1874 च्या हग्गादातल्या त्या बायकांचा. कोणतीही माहिती न देता मुलांनी दिसेल ते लिहायचं, मग विचारायचं की कोण, काय, कुठे, कशासाठी. दुसरा तास आज्ञा आणि तीन उदाहरणांचा. तिसरा प्रत्यक्ष भेटीचा. चौथ्या तासाला त्याच चित्राकडे परत यायचं आणि पहिल्या तासाचं लिखाण शेजारी ठेवून नवं लिहायचं. गुण देताना मी दोन लिखाणांमधला फरक पाहतो.

वर्गात विधीचा अभिनय करून घेऊ नका. खोटी तोरा बनवणं, मुलांना हझानचा पोशाख घालून उभं करणं, हे शेजाऱ्याच्या देवघरात शिरून खेळण्यासारखं आहे. त्याऐवजी समाजातल्या कोणाला तरी बोलवा, त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन द्या, आणि काय दाखवायचं ते त्यांना ठरवू द्या. नाझी काळातल्या संहारावर एक स्वतंत्र तास ठेवा, पण सगळा विषय त्याच्या सावलीत शिकवू नका. अलिबागच्या प्रार्थनालयाचा इतिहास युरोपातल्या शोकांतिकेची तळटीप होऊ नये.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर. ज्या वस्तूशिवाय ज्यू विधी, घर किंवा आठवण अपुरी राहते ती वस्तू ज्यू कलेत येते, मग ती कोणाच्याही हातची असो. अग्निहोत्रींच्या छापखान्यातलं ते पान या व्याख्येत सहज बसतं. वूल्नरचा पुतळा बसतो का, यावर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण होतं, आणि माझंही मत दोनदा बदललं आहे.

काम संपल्यावर तीन प्रती काढा. एक तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक त्या प्रार्थनालयात, आणि एक ज्या घराने कपाट उघडलं त्या घरी. घरची प्रत पोस्टाने पाठवू नका, हातात नेऊन द्या. फोटो पाहताना कोणीतरी एखादं नाव दुरुस्त करेल. वही बरोबर ठेवा.